ग्लायकोजेनला विरजण कोण लावतं? कलेजीपासून ग्लायकोजेनिनपर्यंत

दही लावायला दही लागतं. घरातलं संपलं तर शेजारून वाटीत चमचाभर विरजण आणायचं, शेजारणीचं संपलं तर तिनं पुढच्या घरी जायचं. असं मागं मागं जात राहिलं तर पहिलं दही कशानं लागलं, हा प्रश्न लहानपणी सगळ्यांना पडतो आणि मोठेपणी सगळे विसरतात. माझ्या वर्गातली खानापूर तालुक्यातली एक मुलगी विसरली नव्हती. फळ्यावर मी ग्लायकोजेनबद्दल, म्हणजे शरीरातल्या साखरेच्या साठ्याबद्दल, लिहिलं होतं, 'ग्लायकोजेन सिंथेज हे एन्झाइम आधीच असलेल्या साखळीच्या टोकाला ग्लुकोज जोडतं.' मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, आधीची साखळी आली कुठनं?"

"ते पुढच्या तासाला," म्हणून मी वेळ मारून नेली. खरं कारण एवढंच की मलाही नीट सांगता आलं नसतं. ग्लायकोजेनिन हे नाव ठाऊक होतं, पण नावापलीकडं फारसं काही नाही. त्या पुढच्या तासाची तयारी लांबत गेली आणि तिचा हा लेख झाला.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातली बरीच मुलं दहावीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पीयूसीला (अकरावी-बारावीला) एकदम इंग्रजी पुस्तकासमोर बसतात. पाठांतर होतं, चित्र डोळ्यासमोर उभं राहत नाही. ते उभं करायला एक सकाळ प्रयोगशाळेत, एक दुपार चिंचोक्यांशी आणि अर्धा तास मोबाइलवर, एवढं पुरतं. मी याच क्रमानं शिकवते. आधी ग्लायकोजेन डोळ्यांनी बघायचं, मग त्याची सुरुवात शोधायची.

कलेजी आणताना

ग्लायकोजेन म्हणजे प्राण्यांच्या शरीरातला साखरेचा साठा. माणसाच्या यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि सगळ्या स्नायूंत मिळून ४०० ग्रॅमच्या आसपास. स्नायूंचा साठा एकूण मोठा असला तरी वजनाच्या मानानं यकृत जास्त भरलेलं असतं, म्हणून प्रयोगाला यकृत बरं.

मटणवाल्याकडं सकाळी लवकर जा. नुकत्याच कापलेल्या बकऱ्याची पन्नास ग्रॅम कलेजी घ्या आणि ती तिथंच बर्फाच्या डब्यात घाला. "एवढ्या सकाळी कलेजी? पाव्हणं आल्यात काय अक्का?" असं मला दर वेळी विचारलं जातं. कॉलेजात उकळायला नेते म्हटल्यावर तो माणूस माझ्याकडं ज्या नजरेनं बघतो, ती सांगण्यासारखी नाही.

घाई का, ते मी पहिल्या वर्षी शिकले. आदल्या संध्याकाळी आणलेली कलेजी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली आणि दुसऱ्या दिवशी तीस मुलांसमोर प्रयोग मांडला. आयोडीनचा पिवळा रंग पिवळाच राहिला. जनावर मेलं तरी त्याच्या यकृतातली ग्लायकोजेन तोडणारी एन्झाइमं (रासायनिक कामं घडवणारी प्रथिनं) लगेच थांबत नाहीत. ती साठा फोडून ग्लुकोज करत राहतात. गंमत म्हणजे माझी ही फजिती फ्रान्सच्या क्लॉद बर्नार यांच्या हातात शोध ठरली होती. १८५५ साली त्यांनी यकृत पाण्यानं धुऊन धुऊन त्यातली साखर काढून टाकली, तसंच ठेवून दिलं आणि काही तासांनी बघितलं तर त्यात पुन्हा साखर! म्हणजे साखर करणारा कच्चा माल यकृतातच होता. १८५७ साली त्यांनी तो वेगळा काढला. तेच ग्लायकोजेन.

आणखी एक अडचण असते. लांबून गाडीत आलेलं, कापण्याआधी उपाशी राहिलेलं बकरं असेल तर ताज्या कलेजीतही ग्लायकोजेन थोडंच निघतं. कोकण-गोव्याकडून बेळगावच्या बाजारात कधी कालवं आली तर ती घ्या, त्यांच्यात ग्लायकोजेन भरपूर असतं. शाकाहारी घरातल्या मुलांना मी बेकरीचं यीस्ट देते. कोमट साखरपाण्यात काही तास ठेवायचं, थेंबभर घेऊन आयोडीन घालायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी तपकिरी झालेल्या बघायच्या. यीस्टमध्येही ग्लायकोजेन असतं आणि त्याची सुरुवात करणारं प्रथिनही आपल्यासारखंच असतं, त्यामुळं त्या मुलांचं काही चुकत नाही.

उकळा, गाळा, बसवा

हे काम शिक्षक सोबत असताना, चष्मा आणि हातमोजे घालून, प्रयोगशाळेतच करायचं. घरच्या गॅसजवळ स्पिरिट (इथेनॉल) उघडून बसू नका.

एका चंचुपात्रात २० मिली पाणी आधीच उकळत ठेवा. दहा ग्रॅम कलेजी भराभर बारीक कापून थेट त्या उकळत्या पाण्यात टाका. पाणी आधी उकळलेलं हवं, हे मी मुलांना तीनदा सांगते. थंड पाण्यात टाकून मग गॅस लावला तर तापेपर्यंतच्या मिनिटांत एन्झाइमं आपलं काम उरकून घेतात. दोन-तीन मिनिटांनी तुकडे काढा, स्वच्छ वाळूच्या चिमटीबरोबर खलात वाटा, तेच पाणी परत घालून पाच मिनिटं उकळा. आता सौम्य ॲसेटिक आम्लाचे काही थेंब टाका. दूध नासावं तशी प्रथिनं गोळा होतात. गाळणकागदातून गाळा.

खाली जे उतरतं त्याच्याकडं जरा वेळ बघा. ते पाण्यासारखं नितळ नसतं, तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखी दुधी झाक असते. खिडकीच्या उजेडासमोर धरलं की कडेला किंचित निळसर दिसतं. साखर विरघळली असती तर पाणी नितळ राहिलं असतं. इथं मोठमोठे कण तरंगत उजेड विखुरतायत. तुमच्या हातातल्या नळीत ग्लायकोजेनचे कण आहेत आणि ते असे नुसत्या डोळ्यांना जाणवतात, हे मला अजूनही नवल वाटतं.

त्यात मिठाची चिमूट घाला आणि दुप्पट थंडगार इथेनॉल हळूहळू ओता. आसपास ज्योत नको. नळी पंधरा मिनिटं बर्फात ठेवली की पांढरे पुंजके खाली बसायला लागतात. सेंट्रिफ्यूज असेल तर पाच मिनिटं फिरवा, नसेल तर थांबा. वरचं पाणी ओतून द्या, पुंजके पुन्हा थोड्या इथेनॉलनं धुवा. ही पायरी गाळू नका. कलेजीतलं सुटं ग्लुकोज इथंच निघून जातं आणि पुढची सगळी गंमत त्यावर अवलंबून आहे. राहिलेला पांढरा साका पाच मिली पाण्यात विरघळवा.

तीन नळ्या

पहिल्या नळीत थोडं द्रावण आणि आयोडीनचे एक-दोन थेंब. रंग तांबूस तपकिरी येतो, कात भिजवलेल्या पाण्यासारखा. शेजारी भाताच्या पेजेची नळी ठेवा, तिच्यात आयोडीन निळं-काळं होतं. दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या, मग रंग वेगळा का? तांदळातल्या स्टार्चमध्ये लांब, सरळ, मळसूत्रासारख्या गुंडाळलेल्या साखळ्या असतात आणि आयोडीन त्या मळसूत्राच्या पोकळीत रांगेनं बसतं. ग्लायकोजेनच्या साखळ्या सरासरी तेरा ग्लुकोजच्या, तोकड्या, जागोजागी फुटलेल्या. त्यात आयोडीनला तेवढी जागा मिळत नाही. तपकिरी नळी कोमट पाण्यात धरा, रंग उडतो. गार करा, परत येतो. मुलं हे चार-चार वेळा करतात, करू दे.

दुसऱ्या नळीत तेच द्रावण आणि बेनेडिक्ट द्रावण (सुटं ग्लुकोज असेल तर लाल होणारं निळं द्रावण) घालून उकळा. धुलाई नीट झाली असेल तर निळं निळंच राहतं. तिसऱ्या नळीतलं द्रावण आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबर वीसेक मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा, सोडियम कार्बोनेटनं आम्लपणा मारा (फेस येतो, हळू घाला) आणि मग बेनेडिक्ट घाला. आम्लानं साखळ्या फोडून ग्लुकोज सुटं केलेलं असतं, म्हणून विटेसारखा लाल साका बसतो.

बहुतेक प्रयोगवह्यांत इथंच 'निष्कर्ष' लिहून रेघ मारतात. माझा तास इथं सुरू होतो. दुसरी नळी निळी का राहिली?

ग्लुकोजच्या रेणूला एक असं टोक असतं जे बेनेडिक्टमधल्या तांब्याशी भिडतं. त्याला क्षपणकारी टोक म्हणतात. दोन ग्लुकोज जोडले की एकाचं ते टोक जोडणीत अडकतं. हजारो ग्लुकोज जोडून फांद्यांचं झुडूप केलं तर बाहेर हजारो टोकं दिसतात, पण ती सगळी दुसऱ्या जातीची असतात, बेनेडिक्टला न ओळखणारी. अख्ख्या झुडपाला क्षपणकारी टोक एकच, अगदी बुंध्याशी. हजारोंत एक, म्हणून रंग बदलत नाही, असं पुस्तकं सांगतात आणि ते बरोबर आहे. पण ते एक टोक तरी मोकळं आहे का? झुडपाच्या बुंध्याशी खणत गेलं तर तिथं ग्लुकोज संपतं आणि एक प्रथिन लागतं. पहिल्या ग्लुकोजचं ते टोक त्या प्रथिनानं धरून ठेवलंय. त्या मुलीनं विचारलेली 'आधीची साखळी' तिथून निघते.

विरजणाचा जुना गोंधळ

हे कळायला शास्त्रज्ञांना बराच काळ लागला. कार्ल आणि गर्टी कोरी या जोडप्यानं ग्लायकोजेनच्या रसायनावर मोठं काम केलं, त्यासाठी त्यांना १९४७ चं नोबेल मिळालं. त्यांना नळीत साखळी वाढवायची तर आधी थोडं तयार ग्लायकोजेन घालावं लागे. अगदी विरजणासारखं. पुढं १९५७ साली अर्जेंटिनाच्या लुई लेलुआर यांनी शरीरात साखळी वाढवणारा खरा मार्ग दाखवला. त्यात ग्लुकोज 'यूडीपी-ग्लुकोज' या रूपात येतं. लेलुआर यांना १९७० चं नोबेल मिळालं. पण त्यांच्या एन्झाइमलाही चमचाभर जुनं ग्लायकोजेन लागायचंच. वडगाव-शहापूरच्या मागांवर जुन्या ताण्याच्या टोकांना नवा ताणा सांधतात, तसं हे चाललं होतं. मागावर पहिला ताणा कुणी चढवला, ते कुणी विचारत नव्हतं.

१९७५ साली ब्युनोस आयर्सच्याच क्लारा क्रिसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यानं सुचवलं की सुरुवात एखाद्या प्रथिनावर होत असावी. १९८० च्या दशकात मायामीत विल्यम व्हेलन आणि स्कॉटलंडच्या डंडीत फिलिप कोहेन यांच्या गटांनी सशाच्या स्नायूतल्या ग्लायकोजेनला पक्कं चिकटलेलं ते प्रथिन पकडलं. त्याचं नाव ग्लायकोजेनिन. म्हणजे विरजण दह्याचं नव्हतंच. ती वेगळीच वस्तू निघाली.

ग्लायकोजेनिन काम कसं करतं

पेशीत आलेल्या ग्लुकोजची आधीची वाट थोडक्यात: हेक्सोकायनेज, यकृतात ग्लुकोकायनेज, त्याच्यावर फॉस्फेट चढवतं. ते फॉस्फेट सहाव्या कार्बनवरून पहिल्यावर जातं. मग यूटीपी (एटीपीसारखाच ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्च करून यूडीपी-ग्लुकोज तयार होतं. एक ग्लुकोज साठ्यात ठेवायला एक एटीपी आणि एक यूटीपी, एवढी हमाली पडते. वहीत ही वाट एका ओळीत लिहा आणि पुढं चला.

आता खरी गोष्ट. बहुतेक एन्झाइमं दुसऱ्यावर काम करतात. पचनरसातलं एन्झाइम भात फोडतं, स्वतःला नाही. ग्लायकोजेनिन मात्र स्वतःच्याच अंगावर साखर चढवतं. माणसाच्या ग्लायकोजेनिन-१ मध्ये १९५ व्या जागी टायरोसिन नावाचं अमिनो आम्ल आहे. त्याच्या कडेला ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी बाहेर डोकावते. ग्लायकोजेनिन यूडीपी-ग्लुकोजकडून ग्लुकोज घेतं आणि त्या ऑक्सिजनवर बसवतं. बुंध्याची गाठ ती हीच. आपल्या दुसऱ्या नळीतलं क्षपणकारी टोक इथं कायमचं बांधलं गेलं.

मग त्या पहिल्या ग्लुकोजच्या चौथ्या कार्बनवर दुसरं, दुसऱ्यावर तिसरं, असं तेच प्रथिन स्वतःवर साधारण दहा ग्लुकोजची छोटी शेपटी वाढवतं. या कामाला मँगनीज लागतं. प्रथिन एकटं नसतं, दोन-दोन जोडीनं असतात आणि जोडीतलं एक दुसऱ्याच्या अंगावरही साखर चढवू शकतं. मी वर्गात दोन मुलींना समोरासमोर उभं करते आणि एकमेकींच्या केसांत गजरा माळायला लावते. हसतात, पण परीक्षेत 'जोडी' हा शब्द कुणी विसरत नाही.

शेपटी पुरेशी झाली की ग्लायकोजेन सिंथेज पुढं येतं. त्याला धरायला चार-सहा ग्लुकोज तरी लागतात, रिकाम्या टायरोसिनवर ते काहीच करू शकत नाही. ग्लायकोजेनिनच्या अगदी शेवटच्या तीसेक अमिनो आम्लांचा पट्टा सिंथेजला धरून ठेवतो, म्हणजे कामगाराला जागेवर बोलावण्याची सोयही याच प्रथिनात आहे. सिंथेज साखळी लांबवतं आणि फांदी पाडणारं तिसरं एन्झाइम साखळीच्या टोकाचे सहा-सात ग्लुकोज तोडून सहाव्या कार्बनवर आडवे लावतं. इन्सुलिनचा जोर मुख्यतः सिंथेजवर चालतो. सिंथेजवरचे फॉस्फेट उतरले की ते जागं होतं.

रोज जेवल्यावर नवं विरजण लावावं लागतं का, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. नाही. बरीचशी साखर आधीच्या अर्धवट खाल्लेल्या कणांच्या टोकांवरच चढते. नवा कण उभा करायचा असेल तेव्हा नवं ग्लायकोजेनिन लागतं.

कोणत्या अवयवात कोणतं, हेही एकदा लिहून ठेवा, कारण इथं चुका होतात. माणसात ग्लायकोजेनिनची दोन रूपं आहेत. ग्लायकोजेनिन-१ स्नायूंत आणि हृदयात मुख्य, त्याचं जनुक तिसऱ्या गुणसूत्रावर. ग्लायकोजेनिन-२ मुख्यतः यकृतात, त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर, ते १९९७ साली सापडलं. सिंथेजचीही अशीच स्नायूंसाठी एक आणि यकृतासाठी एक अशी वेगळी रूपं आहेत. उंदरात मात्र ग्लायकोजेनिनचं एकच जनुक आहे, हे पुढं उपयोगी पडेल.

चिंचोक्यांची दुपार

एका बाटलीचं झाकण घ्या, ते ग्लायकोजेनिन. पाटीभर चिंचोके, ते ग्लुकोज. झाकणापासून तेरा चिंचोक्यांची एक ओळ लावा. त्या ओळीवर दोन जागी फांदी काढा, प्रत्येक फांदी तेराची. त्या प्रत्येक फांदीवर पुन्हा दोन. पहिल्या थरात १ साखळी, मग २, ४, ८. चार थरांत १५ साखळ्या, १९५ चिंचोके. पाचव्या थरात एकूण ३१ साखळ्या आणि ४०३ चिंचोके होतात, आणि इथं आमचा कॉलेजचा व्हरांडा संपला.

शरीरातला पूर्ण कण १२ थरांपर्यंत जातो. १२ थर म्हणजे ४०९५ साखळ्या, गुणिले १३, म्हणजे ५३,२३५. पुस्तकात 'सुमारे ५५,००० ग्लुकोज' असा आकडा असतो, तो हवेतून आलेला नाही, मुलांनी स्वतः काढला. यातल्या २०४८ साखळ्या, म्हणजे निम्म्या, बाहेरच्याच थरात असतात. धावायची वेळ आली की एकाच वेळी हजारो टोकांवरून ग्लुकोज सुटतं, हे या रचनेमुळं. तेरावा थर का नाही, तेही चिंचोक्यांनी कळतं: बाहेर इतकी गर्दी होते की एन्झाइमला हात घालायला फट उरत नाही. असा कण ४० नॅनोमीटरच्या आसपास असतो. यकृतात अनेक कण एकत्र येऊन फुलासारखे मोठे झुपके करतात, आपल्या नळीतल्या दुधी झाकेत त्यांचा मोठा हात असतो.

एक हिशेब घरी करायला द्या: ग्लायकोजेनिनचं वजन सुमारे ३८,००० डाल्टन (रेणूंच्या वजनाचं माप), जोडलेलं एक ग्लुकोज १६२ चं. पूर्ण कणात प्रथिनाचा वाटा एक टक्काही येत नाही. म्हणूनच ते इतकी वर्षं कुणाला दिसलं नाही, आणि म्हणूनच तुमच्या नळीत ते असूनही कुठल्याही साध्या रंगचाचणीत सापडणार नाही. 'आम्हाला ग्लायकोजेनिन दिसलं' असं प्रयोगवहीत लिहू नका.

मोबाइलवर अर्धा तास

युनिप्रॉट नावाचा प्रथिनांचा जाहीर संग्रह फुकट उघडतो. ग्लायकोजेनिन-१ च्या जनुकाचं नाव इंग्रजी अक्षरांत जी, वाय, जी आणि १ असं टाका, प्राणी 'मानव' निवडा. नोंद पी४६९७६ येईल. लांबी ३५० अमिनो आम्लं. खाली जात राहा आणि १९५ व्या जागेवर साखर जोडल्याची नोंद शोधा. मग अमिनो आम्लांच्या अक्षरांच्या पट्टीत बोटानं मोजत जाऊन १९५ वं अक्षर टायरोसिनचं, म्हणजे वाय, आहे का बघा. मोजायला कंटाळा येतो, तरी मोजा.

इथं एक खड्डा आहे. जुन्या लेखांत आणि काही पुस्तकांत 'टायरोसिन १९४' लिहिलेलं सापडतं. कुणाचं चुकलेलं नाही. सशाच्या प्रथिनावर काम करणाऱ्यांनी सुरुवातीचं अमिनो आम्ल, मेथिओनिन, मोजलं नव्हतं, कारण तयार प्रथिनातून ते गळून पडतं. माझ्या एका विद्यार्थ्यानं यावरून दोन दिवस वाद घातला आणि शेवटी दोन्ही बरोबर असल्याचं ऐकून तो नाराज झाला.

बिघडलं तर

२०१० साली स्वीडनमधल्या संशोधकांनी एका रुग्णाचं वर्णन छापलं. स्नायू दुबळे, हृदयाचे ठोके अनियमित. त्याच्या ग्लायकोजेनिन-१ मध्ये ८३ व्या जागी थ्रिओनिनऐवजी मेथिओनिन आलं होतं. प्रथिन होतं, पण स्वतःवर साखर चढवू शकत नव्हतं. स्नायूतला ग्लायकोजेनचा साठा रिता. यावरून 'विरजण नाही तर दही नाही' असा सरळ निष्कर्ष निघाला.

पण पुढं गोष्ट वळली. २०१४ पासून असे रुग्ण वर्णिले गेले ज्यांच्या स्नायूंत ग्लायकोजेनिन-१ नव्हतंच, तरी ग्लायकोजेन होतं, उलट काही तंतूंत बेढब साखरेचे गोळे साठलेले. २०१७ साली बार्सिलोनाच्या गटानं ग्लायकोजेनिनचं एकमेव जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. बरेचसे जन्मताच मेले, पण जे जगले त्यांच्या स्नायूंत आणि हृदयात ग्लायकोजेन नेहमीपेक्षा जास्त निघालं. म्हणजे विरजणाशिवायही दही लागतं, फक्त कसं लागेल त्याचा भरवसा नाही. 'ग्लायकोजेनिनशिवाय ग्लायकोजेन बनूच शकत नाही' हे वाक्य बऱ्याच गाइडांत अजून आहे. मी ते मुलांना खोडायला लावते.

सिंथेजचा बिघाड वेगळा. यकृतातलं सिंथेज नसलेल्या मुलांची रक्तातली साखर रात्रभर उपाशी राहिल्यावर पहाटे खाली जाते, आणि जेवल्यावर वर चढते, कारण ठेवायला कोठारच नाही. यकृत मोठं होत नाही, या खुणेवरून साठ्याच्या इतर आजारांपासून तो वेगळा ओळखू येतो. अशा मुलांना डॉक्टर झोपताना न शिजवलेलं कॉर्नस्टार्च देतात, ते पोटात सावकाश सुटतं. हे सगळं तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, मापून. शेजारच्या मुलाला सकाळी चक्कर येते म्हणून कुणी पीठ कालवून पाजू नये.

हे आजार दुर्मीळ आहेत आणि ते व्हायला आई-वडील दोघांकडून बिघडलेली प्रत यावी लागते. आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न ही जुनी रीत आहे. नात्यातल्या लग्नात अशा दोन प्रती एकत्र यायची शक्यता वाढते, म्हणून घरात असा आजार असेल तर लग्नाआधी जनुक-सल्लागाराला भेटणं बरं. आणि 'शुगर' झालेले काका ग्लायकोजेनिन कमी पडलं का म्हणून विचारतील, तर त्यांना सांगा की टाइप-२ मधुमेहात स्नायू ग्लायकोजेन कमी बांधतात ते इन्सुलिनचा निरोप नीट पोहोचत नाही म्हणून. विरजण त्यांच्याकडं आहे.

पाच गुणांचं उत्तर

पेपरात सिंथेजपासून सुरुवात करू नका. पहिली ओळ: ग्लायकोजेनिन हे स्वतःवर ग्लुकोज चढवणारं एन्झाइम, जोडीनं काम करतं, मँगनीज लागतं. दुसरी: यूडीपी-ग्लुकोजमधलं पहिलं ग्लुकोज १९५ व्या टायरोसिनच्या ऑक्सिजनवर. तिसरी: १-४ जोडणीनं साधारण दहाची शेपटी. मग सिंथेज, मग फांदी पाडणारं एन्झाइम, १-६ जोडणी. बाजूला छोटं चित्र: मधे गोल, त्यातून एक रेघ, रेघेवर दोन फांद्या, फांद्यांवर पुन्हा दोन. गोलाच्या आत बाणानं टायरोसिन दाखवा. चित्राला वेगळा गुण मिळो न मिळो, तपासणाऱ्याला कळतं की या पोराला सुरुवात कुठं आहे ते माहीत आहे.

प्रयोग संपल्यावर बेनेडिक्टची निळी नळी मोरीत ओतू नका, त्यात तांबं आहे. कचऱ्याच्या वेगळ्या बाटलीत ठेवा. आणि राहिलेली चाळीस ग्रॅम कलेजी प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवली असेल तर घरी नेऊ नका, कितीही ताजी दिसली तरी. आमच्याकडं ती व्हरांड्याखालच्या मांजरीला जायची, पण आयोडीनचा हात लागलेला तुकडा तीसुद्धा हुंगून सोडून देते.